मैना बिंगोवरची पोरगी

१

"माझी पोरगी हरवलीय," चिमाबाई म्हणाली, "आन् रोज संध्याकाळी मला दिसती."

आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीच्या खळ्यावर मी उभी होते. दिवाळी होऊन गेलेली. भाताच्या पेंढ्या झोडपून झाल्या होत्या आणि चिमाबाईचा नवरा शिदू पायलीनं भात मोजत होता. "लाभ," म्हणत त्यानं पहिली पायली पोत्यात ओतली. मग "दोन... तीन..." इकडे खळ्यावर पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभच म्हणतात. घरात पोरगी नव्हती, पण लाभ म्हणायचं तो विसरला नाही.

मी हर्षदा. पोलिसात होते. तक्रार लिहून न घेण्याचा पगार मला घेववेना म्हणून वर्दी सोडली आणि आता लोणावळ्यात बायकांना सिक्युरिटीच्या कामाला लावते. कुणाचं माणूस हरवलं आणि चौकीवर दाद लागली नाही, की लोक माझ्याकडे येतात. चिमाबाई तशीच आली होती.

हकीकत साधी होती. सारिका, तिची मोठी पोरगी, वीस वर्षांची. चिमाबाईच्या भावानं, निवृत्तीनं, तिला लोणावळ्यात "कम्प्युटरचं काम" लावून दिलं. काम काय, तर मैना बिंगो नावाच्या साईटवर कॅमेऱ्यासमोर बसून आकडे पुकारायचे. दर रविवारी घरी यायची. दसऱ्याला येऊन गेली, ती पुन्हा आली नाही. फोन बंद.

"चौकीवर गेलेवतो," चिमाबाई म्हणाली. "सायबानं त्याचाच मोबाईल काढून दावला. म्हनला, ही बघ, लाईव्ह हाय, हसतीया. सज्ञान हाय. तिला घरी यायचं नसंल. म्या म्हनलं, सायेब, ती हाय पर कुटं हाय? तर मागचे दोघं हसले."

वाडीत रेंज नाही. पाच वाजायला आले तशी ती मला वरच्या टेकाडावर घेऊन गेली. रोज जाते. मोबाईल दोन्ही हातांत धरून, आरतीचं ताट धरावं तसा.

स्क्रीन उजळली. गुबगुबीत गालांची, टपोऱ्या डोळ्यांची पोरगी हसली. "नमस्कार! मी सारिका, मैना बिंगोवर एकदम लाईव्ह! तिकिटं तयार ठेवा!" आणि आकडे सुरू झाले. "सत्तेचाळीस... बारा... एक... अठ्ठ्याऐंशी..."

चिमाबाई आकडे ऐकतच नव्हती. तिनं अंगठा पोरीच्या गालावर ठेवला.

"जेवलीस का गं?"

"अभिनंदन!" पोरगी म्हणाली. "पुढचा गेम लगेच सुरू होतोय!"

२

मैना बिंगोचं काम चालायचं तो लोणावळ्याच्या तुंगार्लीतला बंगला बाहेरून पिकनिकचाच वाटतो. स्विमिंग पूल, रंगीत छत्र्या. फक्त कुंपणाच्या सगळ्या भिंतीवर उंच पत्रे ठोकलेले, आणि फाटक रिमोटवर.

गेले त्या दुपारी हवेत चांगलाच गारठा होता. वॉचमन शेकोटीजवळ बसला होता. मी स्वेटरवर शाल घेतली होती. बंगल्याला वळसा घालून पुढच्या दाराकडे जाताना डोक्यावर टपकन थेंब पडला. वर पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या एसीच्या नळीतून पाणी गळत होतं. पावसाळ्यातलं शेवाळ सगळ्या भिंतीवर वाळून काळं पडलं होतं, त्या नळीखाली मात्र हिरवागार पट्टा. मी डोकं पुसलं आणि आत गेले.

मॅनेजर तुषार तळेगावच्या कुठल्याशा सोसायटीतला. जॅकेट, पांढरे बूट, तोंडात सारखं मॅडम मॅडम. मागच्या भिंतीवर साईटचं पोस्टर: "मैना बिंगोवर काय अपेक्षा ठेवाल? लाईव्ह होस्ट! रोज बोनस! झटपट पैसे काढा!"

"पैशाच्या खेळांवर बंदी आहे ना?" मी विचारलं.

"पैसे कुठं मॅडम? आमच्याकडे कॉइन असतात."

पैसे देऊन कॉइन घ्यायचे. म्हणजे वांग्याला भरताचा माल म्हटलं की वांगं नाही.

काय अपेक्षा ठेवावी ते मीच सांगते, कारण माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायकांचे नवरे या साईटीवर बसलेले मी पाहिलेत. पहिले काही दिवस तुम्ही जिंकता. जिंकवतात. मग बोनस मिळतो. पैसे काढायला जावं तर साईट म्हणते, आधी बोनस खेळून संपवा. बिंगोत तो लवकर संपत नाही, म्हणून स्लॉटकडे ढकलतात. फळांची चित्रं गरागरा फिरतात आणि बोनसबरोबर तुमचे पैसेही संपतात. मग उरलेले सोडवायला आणखी भरा. आत यायला बोट लावलं की पुरतं. बाहेर पडायचं बटण दिसतं, दाबलं जातं, फक्त काही होत नाही.

"सारिका कुठं आहे?" मी विचारलं.

"इथं नाही. दसऱ्यानंतर मामाच्या घरून काम करते, तळेगावहून. आम्हाला फक्त व्हिडिओ येतो. घरच्यांशी काहीतरी बिनसलंय तिचं. आणि मॅडम, चांगली होस्ट आहे हो. लोक तिला लाभवाली म्हणायचे. एकचा आकडा आला की ही लाभ म्हणायची. गावठी, पण पब्लिकला आवडायचं."

व्हरांड्यात बंगल्याची मालकीण बसली होती, राजेश्वरी. पुण्याहून आली होती, शेवाळाचे डाग लागू नयेत म्हणून साडी वर धरून.

"वरच्या खोल्या पाहू का?" मी विचारलं.

"वर एकच खोली आहे. ती बंद असते," ती म्हणाली. "पावसात ओल येते. सामान टाकलंय त्यांनी."

"चावी?"

"भाडेकरूकडे. मी कशाला विचारू? लोक सभ्य आहेत, भाडं वेळेवर येतं."

या बाईचा मला सगळ्यात जास्त राग आला. बदमाशाला निदान काही लपवावं तरी लागतं. हिला नुसतं न विचारणं पुरत होतं.

तुषार मला सोडायला आला. "खरं सांगू का? आमचा कॅमेरावाला होता, सनी. तो तिच्या मागं लागला होता. दसऱ्याला काढला त्याला. त्यालाच विचारा, कुठं काय ते."

मी फाटकापाशी गेले. फाटक उघडेना. वॉचमननं तुषारकडे पाहिलं. तुषारनं हातातला रिमोट दाबला, पुन्हा दाबला.

"कधीकधी चालत नाही," तो हसत म्हणाला. "घाई आहे का मॅडम?"

पत्र्यांच्या आत मी, तो आणि शेकोटीचा धूर. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, पण मी कुणाला दिसणार नव्हते. मी फोन कानाला लावला आणि नुसत्याच बंद फोनवर मोठ्यानं बोलले, "हो, तुंगार्लीतच आहे. पोचा तुम्ही."

रिमोट लगेच चालला.

३

सनी शिरगावात साईबाबांच्या देवळासमोर हार-नारळाच्या टपरीवर सापडला. मावशीची टपरी होती. माझं काम ऐकल्यावर मावशीच आधी फिस्कारली.

"त्या पोरीचं नाव काढू नका! तिच्यापायी हा हितं फुलं ओवत बसलाय. कॅमेऱ्याचा कोर्स केलाय म्हणं. गाठ मारता येत न्हाई सुताची."

"मावशे, गप," सनी म्हणाला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला. "पळवलं नाही मी तिला. तिचं-माझं तसलं काही नव्हतंच. ती मला दादा म्हणायची."

"मग तुला काढलं का?"

"काम संपलं म्हणून." त्यानं झेंडूची माळ खाली ठेवली. "दसऱ्याआधी आठवडाभर तिला दिव्यांसमोर बसवलं होतं. डावीकडं बघ. उजवीकडं बघ. हस. रडल्यासारखं कर. नव्वदच्या नव्वद आकडे तीन-तीनदा म्हणायला लावले. मग माणसांची नावं. मीच शूट केलं. मला वाटलं जाहिरात असंल. मग तुषारभाऊ म्हणाला, आता कॅमेरा लागत नाही. कम्प्युटरच तिचं तोंड हलवतो, कम्प्युटरच बोलतो."

"म्हणजे स्क्रीनवरची..."

"नक्कल आहे. लाईव्ह-बिईव्ह काही नाही. आकडेसुद्धा आधीच ठरतात. कुणाचं तिकीट लागणार ते दुपारीच ठरतं, आणि लागणारी नावं खोटी असतात. सारिकाला ते कळलं होतं. म्हणाली, दादा, माझ्याच वाडीतली लोकं खेळतात हे, मी सांगणार."

"एकच्या आकड्याला ती लाभ म्हणायची ना?"

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. "कायम! पण रेकॉर्डिंगला तुषारभाऊ बोंबलला. नीट एक म्हण, म्हणाला, पुढं हे सगळ्या गावांत चालवायचंय. तिनं म्हटलं एक. तोंड असं केलं, कारलं चावल्यासारखं."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"कोण ऐकतंय? नोकरीवरनं काढलेला, पोरीच्या मागं लागलेला, आणि ज्यानं शूट केलं तोही मीच."

बरोबर होतं. याच्याकडे शब्दांपलीकडे काहीच नव्हतं. काढलेला माणूस सूडानं बोलतो असं तुषार म्हणेल आणि चौकी मान हलवेल. शिवाय खरंच तोच गुन्हेगार असेल तर? पोरीला कुठंतरी डांबून, नक्कल-बिक्कल अशी गोष्ट रचून सांगणं कॅमेरावाल्याला अवघड नव्हतं.

एक जण म्हणत होता, ती मामाकडे बसून रोज आकडे पुकारते. दुसरा म्हणत होता, ती पुकारतच नाही. दोघांतला एक खोटा होता. आणि कोण खोटा ते एकच माणूस सांगू शकत होता.

मी तळेगाव गाठलं.

४

निवृत्ती स्टेशनजवळच्या चाळीत राहतो. कारखान्यात टेम्पो चालवतो. दार त्यानं अर्धंच उघडलं आणि उंबऱ्यावर बसला. हातात मोबाईल. बोलता बोलता अंगठा चालूच. चेरी, घंटा, सात. चेरी, चेरी, सात.

"हितंच हाय की पोरगी," तो म्हणाला. "चिमीला म्हनावं, उगा गावभर बोंबलू नको."

"भेटू दे मला."

"आंगुळीला बसलीय."

"थांबते मी."

"तुमाला न्हाई भेटायचं तिला! लगीन लावत्यात म्हून रुसलीय. आमी मामा हाये, आमी सांबाळतोय. तुमी कोन?"

आतून पाण्याचा आवाज नव्हता. पण नुसत्या आवाज नसण्यावर कुणाला अटक होत नाही. मी पायरीवर बसले, त्याच्याच शेजारी.

"काम जोरात आहे म्हणे तिचं."

"तर वो! लोकं लय खूश हायेत."

"तुम्ही ऐकता?"

"ऐकतो म्हंजे? रोज समोरच बसतो की मी. ती तितं कॉटवर, मी हितं."

"खरंच एकचा आकडा आला की लाभ म्हणते का हो? मला गंमत वाटली ऐकून."

पहिल्यांदाच त्यानं मोबाईलवरून नजर उचलली. चेहरा उजळला. माझी भाची म्हणून तो खरंच सुखावला होता, हे सांगायला हवं. "म्हनती की! आमच्या खळ्यावरची सवय हाय ती. एक कशी म्हनंल? आमी जल्मात कुनी म्हनलो न्हाई."

"कालपण म्हणाली?"

"काल म्हनली, परवा म्हनली. समोर बसतो म्हनलं ना."

चेरी, घंटा, घंटा. अंगठा पुन्हा चालू झाला.

मी उठले. हा खोटं बोलत होता हे मला आता नक्की कळलं होतं. आणि पोरगी कुठं असणार हेही.

५

दुसऱ्या दिवशी पाचला थोडा वेळ असताना आम्ही सगळे तुंगार्लीच्या बंगल्यात होतो. फौजदार माझ्या बॅचचा होता. "चूक निघाली तर तू मला गोत्यात आणशील," असं वाटेत दोनदा म्हणाला. राजेश्वरीला बोलावून घेतलं होतं. निवृत्तीला त्याच्याच टेम्पोतून आणलं होतं. चिमाबाई दाराशी उभी होती. गुळगुळीत फरशीवर पाय ठेवायला तिला भीती वाटत होती.

"पोरगी काम करते, आम्ही दाखवतो," तुषार म्हणाला आणि भिंतीवरचा मोठा टीव्ही लावला. पाचला सारिका हसली. आकडे सुरू झाले.

"निवृत्तीभाऊ," मी म्हणाले, "तुम्ही इथं. ती तिथं, तुमच्या खोलीत कॉटवर. बरोबर?"

"व्हय."

"मग ऐका."

आम्ही ऐकत राहिलो. बावीस. साठ. नऊ. तुषारला कळेना मी कशाची वाट बघतेय. मग टीव्हीतली पोरगी गोड हसून म्हणाली, "एक."

निवृत्तीनं मान वर केली. तोंड उघडंच राहिलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं. "तुम्ही म्हणालात रोज लाभ म्हणते. कालपण, परवापण. मी परवा टेकाडावर ऐकलं, काल ऐकलं, आज ऐकतेय. एकच म्हणते. तुम्ही एकदाही ऐकलेलं नाही. तुम्हाला भाची माहितीय, खळं माहितीय, म्हणून ती काय म्हणाली असती ते तुम्ही सांगितलंत. ती समोर असती तर बरोबरच निघालं असतं."

फौजदार पुढे झाला. "म्हणजे?"

"म्हणजे सनी खरं बोलतोय. ही नक्कल आहे. एक हा शब्द सारिकानं फक्त रेकॉर्डिंगला म्हटलाय, तोही दटावल्यावर. आणि मामा खोटं बोलत असेल, तर पोरगी मामाकडे आहे असं आधी सांगणारा तुषारही खोटं बोलतोय. दोघांचं एकच खोटं आपोआप जुळत नाही. ते बसून ठरवावं लागतं."

"नक्कल असली तर काय गुन्हा?" तुषारचा आवाज चढला. "तिच्या सहीनं केलंय. गेली असेल ती कुठंही!"

"कुठंही जाऊ देणं तुला परवडणार नव्हतं. पाच वाजता ती वडगावच्या बाजारात मेथी घेताना कुणाला दिसली, की तुझं लाईव्ह मेलं. त्यात तिला आकड्यांचंही माहीत. मग ठेवायची कुठं? बाहेर ठेवली तर कुणाच्यातरी तोंडातून फुटणार. राजेश्वरीबाई, ती वरची खोली बंद असते म्हणालात?"

"हो, ओल..."

"बंद खोलीत एसी कोण लावतं? लोणावळ्यात आत्ता माणसं शेकोटी करतात. एसी लागतो तो खिडक्यांवर गाद्या ठोकून आत दिवे पेटवलेल्या खोलीला. वारा शिरत नाही, आवाज निघत नाही, माणूस उकडून मरेल अशा खोलीला. सणावाराला नवी साडी, नवा चेहरा लागतो, म्हणून शूटिंग अजून चालू असणार. फौजदारसाहेब, भिंतीवरचा हिरवा पट्टा बघा आणि चावी मागा."

तुषारनं चावी दिली नाही. फौजदारानं मागितलीही नाही. तो जिना चढला आणि खांद्यानंच दार पाडलं.

चिमाबाईच्या पायांना आता फरशीची भीती उरली नव्हती. ती आमच्या सगळ्यांच्या पुढं वर पोचली.

६

सारिका पांढऱ्या दिव्यांखाली जरीच्या साडीत बसली होती. पुढच्या सणाचं शूटिंग चाललं होतं. गाल बसले होते. टीव्हीतले गाल मात्र अजून गुबगुबीतच होते.

आईला बघून ती आधी उठलीच नाही. "ही खरीय का?" तिनं मला विचारलं.

चिमाबाईनं तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला. तेव्हा ती रडली.

खाली निवृत्ती जिन्याच्या पायरीवर बसला होता. "माझं समदं पैसं आडकल्यात त्यात," तो फौजदाराला सांगत होता. "तुषार म्हनला, चार लोकांत एवढं म्हन की माझ्याकडं हाय, मी तुझं काढून देतो. मी कुनाला हात लावला न्हाई, सायेब. निस्तं म्हनलो."

चिमाबाई खाली आली. भावाकडे तिनं बघितलं आणि पायातली चप्पल काढली. मग पुन्हा घातली. "तुला मारून तरी काय," एवढंच म्हणाली आणि लेकीला धरून बाहेर गेली.

राजेश्वरीबाई फौजदाराला विचारत होत्या, दाराची भरपाई कोण देणार.

तुषारला नेला. बंगल्याला सील लागलं. मला वाटलं, संपलं.

सारिकाचा जबाब व्हायचा होता म्हणून मायलेकी त्या रात्री माझ्याकडेच राहिल्या. पोरगी दार लावू देईना. आम्ही थंडीत दार उघडं टाकून झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडची एक बाई धावत आली आणि मोबाईल पुढं केला. "नमस्कार! मी सारिका, मैना बिंगोवर एकदम लाईव्ह!"

मी फौजदाराला फोन लावला. "साईट बाहेरच्या देशातनं चालते," तो म्हणाला. "इथं नुसती पोरगी होती. पत्र पाठवलंय बंद करायला. वेळ लागेल."

"किती?"

त्यानं फोन ठेवला.

सारिका माझ्या खांद्यावरून बघत होती. मोबाईलमधल्यापेक्षा बारीक, ओठ फुटलेली. "म्हंजे मी अजून तितंच हाय," ती म्हणाली.

मग तिनं चप्पल घातली. चिमाबाई म्हणाली, कुटं निघालीस? पोरगी थांबली नाही. आम्ही मागून गेलो.

स्टेशनाबाहेरच्या रिक्षास्टँडवर पाच-सहा जण आपापल्या रिक्षात पाय वर घेऊन बसले होते. सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि प्रत्येक मोबाईलमधून तिचाच आवाज. ती पहिल्या रिक्षापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, ती मी न्हाई. ती खोटी हाय. मी हितं हाय, बघा. आकडं आदीच ठरवत्यात. तुमाला कवाच लागनार न्हाई."

रिक्षावाल्यानं वर पाहिलं. स्क्रीनकडे पाहिलं. पुन्हा वर. त्याला पटलं होतं. ते त्याच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं.

"व्हय की," तो म्हणाला. "तूच हायेस."

मग त्यानं मान खाली घातली आणि हाताच्या पंजानं तिला हळूच बाजूला सारलं.

"जरा गप ऱ्हा पोरी. एकच आकडा राह्यलाय माझा."